घरगुती संगणकाचे राखणदार : एका जबाबदारीच्या हस्तांतराचा इतिहास

संगणकीय विषाणूंचा इतिहास आजवर बहुधा स्वाऱ्यांच्या इतिहासासारखा लिहिला गेला आहे. अमुक साली अमुक विषाणू आला, त्याने इतकी यंत्रे निकामी केली, त्यानंतर त्याहून प्रबळ असा दुसरा आला, अशी ती परंपरा असते. आणि बखरीतील फौजांच्या आकड्यांप्रमाणेच तिच्यातील हानीचे आकडेही बव्हंशी ऐकीव असतात. या पद्धतीत एक प्रश्न नेहमी बाजूस राहतो. घरात ठेवलेल्या संगणकाची राखण करणे हे काम कोणाचे मानले गेले, ते त्याच्याकडे कसे आले आणि पुढे त्याच्याकडून दुसऱ्याकडे का गेले, हा तो प्रश्न होय. १९८६ ते २००४ या अठरा वर्षांत हे काम जवळजवळ संपूर्णपणे गृहस्थाच्या माथी होते. २००४ पासून त्याचा मोठा भाग संगणकाची मूळ प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीने हळूहळू आपल्याकडे घेतला. हे स्थित्यंतर एखाद्या नव्या शोधामुळे घडले असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या साधनांनी ते घडले ती साधने आधीपासूनच हाताशी होती, असे तपशील पाहता दिसून येते.

राखणदारीची एक जुनी व्यवस्था मराठी वाचकास परिचित आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावच्या राखणदारांची जी हकीकत आली आहे ती येथे स्मरणे उपयुक्त ठरेल. वेसकराने वेस राखावी, जागल्याने व रामोश्याने रात्री गस्त घालावी, चोरी झाल्यास माग काढावा, हा तिचा सांगाडा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला म्हणजे पुढील उत्तर त्या गावाने द्यावयाचे. माग आपल्याच शिवारात हरवला तर भरपाईचा प्रश्न राखणदारावर येई. या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ होत्या, आणि तिचा भार ज्या जातींवर पडे त्यांना तिचा मोबदला पुरेसा व सन्मानाने मिळे असेही नाही. तथापि राखण कोणाची, तिच्याबद्दल हक्क कोणता, आणि चूक झाल्यास जबाब कोणी द्यावयाचा, एवढे तीत ठरलेले होते. घरगुती संगणकाच्या बाबतीत नेमके एवढेच ठरलेले नव्हते.

विषाणूची कल्पना घरगुती संगणकाहून जुनी आहे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या आर्पानेट या जालावर ‘क्रीपर’ नावाचा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सरकणारा प्रोग्रॅम बॉब थॉमस यांनी प्रयोगादाखल लिहिला होता. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने ॲपल-दोन या घरगुती यंत्रासाठी ‘एल्क क्लोनर’ तयार केला. दर पन्नासाव्या वेळी यंत्र चालू करताच पडद्यावर एक चेष्टेची कविता उमटे, एवढाच त्याचा उपद्रव होता. या दोहोंहून महत्त्वाची घटना नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात घडली. फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने तेथील एका परिसंवादात स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घालणारा प्रोग्रॅम चालवून दाखविला. त्याचे मार्गदर्शक लिओनार्ड ॲडलमन यांनी त्यास ‘व्हायरस’ हे नाव सुचविले.

कोहेनच्या कामाचा जो भाग पुढील इतिहासास खरोखर उपयोगी आहे तो मात्र क्वचितच सांगितला जातो. कोणताही प्रोग्रॅम विषाणू आहे की नाही याचा अचूक निवाडा करणारा एकच एक परीक्षक प्रोग्रॅम असू शकत नाही, असे त्याने सिद्ध केले. युक्तिवाद साधा आहे. असा परीक्षक अस्तित्वात आहे असे मानावे आणि त्यालाच पोटात घेऊन एक प्रोग्रॅम लिहावा. परीक्षकाने ‘हा विषाणू आहे’ असे म्हटले तर त्या प्रोग्रॅमने स्वस्थ बसावे; ‘नाही’ म्हटले तर पसरावे. दोन्ही बाजूंनी परीक्षकाचा निवाडा चुकतो. म्हणजे राखणदारीचा धंदा अजून जन्मासही आला नव्हता तोच त्याची मर्यादा गणिताने निश्चित झाली होती. पुढे वीस वर्षे ग्राहकांना ‘संपूर्ण संरक्षण’ या शब्दांनी जे विकले गेले ते या निष्कर्षाच्या उजेडात पाहावयास हवे.

आयबीएम पद्धतीच्या घरगुती व कचेरीतील संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू म्हणून ‘ब्रेन’ ओळखला जातो. तो जानेवारी १९८६ मध्ये लाहोर येथे बासित फारूक अल्वी आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी लिहिला. इतिहासाच्या दृष्टीने तो एक अपूर्व दस्तऐवज होय. कारण कर्त्यांनी त्यात आपली नावे, आपल्या व्यवसायाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनीचे क्रमांकही घातले होते. ३६० किलोबाइटच्या सव्वापाच इंची फ्लॉपीचा जो पहिला भाग यंत्र सुरू होताना वाचला जातो, त्या बूट सेक्टरमध्ये तो ठाण मांडीत असे. तेथील मूळ मजकूर उचलून तो दुसरीकडे ठेवी, आणि ती जागा ‘खराब’ म्हणून नोंदवून टाकी, जेणेकरून तिकडे कोणी फिरकू नये. कोणी बूट सेक्टर वाचावयास गेले तर तो मूळ मजकूरच पुढे करी. हार्ड डिस्कच्या वाटेस तो जात नसे. फ्लॉपीचे नाव बदलून तेथे स्वतःचे नाव घालणे, एवढीच त्याची उघड खूण होती.

त्यातील मजकुराचा आशय असा, की या विषाणूपासून सावध राहावे आणि लस टोचून घेण्यासाठी आमच्याशी संपर्क साधावा. रोग आणि लस ही एकाच पत्त्यावर मिळतील अशी ही जाहिरात होती. राखणदार कोण, या प्रश्नाचे पहिले उत्तर अशा रीतीने खुद्द विषाणूच्याच पोटात लिहिलेले सापडते, हे लक्षणीय आहे.

हेतूविषयी मात्र दोन प्रकारच्या साक्षी आहेत. आपण लिहिलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून हा बंदोबस्त केला, हे स्पष्टीकरण आज सर्वत्र उद्धृत होते. १९८८ मध्ये ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने जो वृत्तान्त दिला त्यात चित्र निराळे होते : त्या दुकानातून परदेशी प्रोग्रॅमच्या स्वस्त नकला विकल्या जात, आणि परदेशी गिऱ्हाइकांना दिलेल्या नकलांत हा विषाणू घातला जाई, असे त्यात म्हटले होते. समकालीन साक्ष आणि मागाहून दिलेली साक्ष यांत अंतर पडले असता इतिहासकाराने पहिलीस झुकते माप द्यावे असा संकेत आहे. परंतु ती साक्षही एका वार्ताहराच्या लेखणीतून उतरलेली आहे, हे विसरून चालणार नाही. दोन्ही साक्षी एका गोष्टीवर मात्र एकमत होतात. विषाणूची वाट नक्कल करण्याच्या सवयीने तयार केली होती. फ्लॉपी हातोहात फिरत असे, आणि देणारा हा बहुधा मित्र, सहाध्यायी किंवा ओळखीचा दुकानदार असे. मानवी विश्वासाच्या ज्या वाटा होत्या त्याच विषाणूच्या वाटा झाल्या. लाहोरात सुरू झालेला हा प्रवास १९८७ च्या सुमारास अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठापर्यंत पोचला होता, तोही अशाच हातांनी.

भारतातही याच वाटेने जे घडले त्याचे एक ठळक उदाहरण ‘जोशी’ या विषाणूचे आहे. जून १९९० मध्ये तो भारतात प्रथम आढळल्याची नोंद आहे. हा ब्रेनच्या पुढचा होता. फ्लॉपीबरोबर तो हार्ड डिस्कवरही बसे, फ्लॉपीवर जादा वर्तुळ आखून त्यात आपला मजकूर दडवी, आणि कळफलकावरील तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी स्मृतीतून हटत नसे. दरवर्षी ५ जानेवारीस मात्र तो प्रकट होई. यंत्र थबके, आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ हे शब्द टंकलिखित करण्याची आज्ञा पडद्यावर येई. शब्द टंकित केले की काम पुन्हा सुरू होई. आडनावावरून कर्ता महाराष्ट्रीय होता असे अनुमान कित्येकदा केले जाते. त्यास आधार नाही. जोशी हे आडनाव गुजरातेत आहे, कुमाऊंत आहे, राजस्थानातही आहे. शिवाय ज्याच्या वाढदिवसाचा उल्लेख आहे तोच कर्ता असेल असेही नाही. कोणी मित्राने केलेली ती थट्टा असू शकेल, किंवा एखाद्या वरिष्ठाचा घेतलेला सूडही.

या काळात गृहस्थाने राखण करावयाची म्हणजे काय करावयाचे, याचे काही आचार रूढ झाले होते. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेस एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिले जात नसे. पुढे साडेतीन इंची फ्लॉपी आली तेव्हा नियम उलटा झाला : छिद्र उघडे असेल तर लेखन बंद, झाकलेले असेल तर चालू. हा उलटा नियम नवशिक्यांना हमखास चकवीत असे. यंत्र बिघडल्याचा संशय आला तर ते संपूर्ण बंद करावे, क्षणभर थांबावे, आणि आधीच जपून ठेवलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून पुन्हा सुरू करावे. परक्याची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घालू नये. यंत्र बंद करताना फ्लॉपी आत विसरू नये. घरातील सोवळ्याओवळ्याशी या आचारांचे साम्य वरवरचे असले तरी एका बाबतीत ते खरे आहे. विटाळ झालाच तर दोष पाळणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा, अशी दोन्हीकडे समजूत होती. यंत्राची प्रणालीच अशी का रचली, की फ्लॉपीवरील कोणतीही आज्ञा तिने निमूटपणे पाळावी, असे विचारणारे थोडे होते.

दोषाची ही वाटणी पक्की झाली ती १९९२ च्या मार्चमध्ये. ‘मायकेलॅंजेलो’ हा बूट सेक्टरचाच विषाणू १९९१ मध्ये आढळला होता. ६ मार्च रोजी डिस्कवरील आरंभीचा भाग तो पुसून टाकी. हे नाव विषाणूच्या मजकुरात कोठेही नाही. त्या दिवशी इटालियन शिल्पकार मायकेलॅंजेलोचा जन्म झाला होता एवढ्यावरून ते परीक्षकांनी बसविले. वृत्तपत्रांना नाव आणि तिथी अशा दोन्ही गोष्टी आयत्याच मिळाल्या. जॉन मॅकॲफी या अमेरिकन व्यावसायिकाने १९८७ मध्ये विषाणुरोधक प्रोग्रॅमची कंपनी काढली होती; पन्नास लाखांपर्यंत संगणक बाधित होऊ शकतील असा त्याचा अंदाज छापून आला. दिवस उजाडला आणि बाधित यंत्रांची संख्या काही हजारांपासून दहा-वीस हजारांपर्यंतच निघाली. जागृतीमुळे संकट टळले असे एक पक्ष म्हणे. संकट मुळातच तेवढे नव्हते असे दुसरा. वादाचा निकाल लागला नाही. विषाणुरोधकांची विक्री मात्र तेजीत आली.

विषाणू हे विषाणुरोधक विकणारेच लिहितात, हा लोकप्रवाद याच सुमाराचा. त्यास कधीही पुरावा मिळालेला नाही, आणि तो सोडून देणेच उचित होय. परंतु धोक्याची मोजदाद करणारा आणि त्यावरील उपाय विकणारा हे एकच असले म्हणजे मोजदाद चढी येते, हा व्यापाराचा सामान्य नियम येथेही लागू पडला. गावच्या जागल्याला चोऱ्यांची संख्या वाढविण्यात हित नव्हते.

विषाणुरोधकांची कार्यपद्धती खरोखर माग काढण्याचीच होती. प्रत्येक ज्ञात विषाणूतील एखादी वैशिष्ट्यपूर्ण अक्षरमालिका हुडकून तिची यादी करावयाची, आणि डिस्कवरील प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहावयाची. यादीत नसलेला विषाणू अर्थातच सुटे. याद्या आरंभी टपालाने येणाऱ्या फ्लॉपीवरून मिळत. १९९० नंतर बल्गेरियातील ‘डार्क ॲव्हेंजर’ या टोपणनावाच्या लेखकाने प्रत्येक प्रसारात आपले रूप बदलणारे साधन प्रसृत केले. तेव्हा माग काढणाऱ्यांची आणखीच तारांबळ उडाली. कोहेनचा निष्कर्ष अशा प्रकारे दर महिन्यास अनुभवास येत होता.

पुण्यातील एका दुरुस्तीच्या दुकानाचा उल्लेख येथे अवश्य करावयास हवा. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे मूळ रहिवासी कैलास काटकर हे आरंभी पुण्यात कॅल्क्युलेटर आणि नंतर संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीस येणारी कित्येक यंत्रे वस्तुतः बिघडलेली नसून विषाणूंनी ग्रासलेली असत. संगणकशास्त्राचे शिक्षण घेत असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्या विषाणूंवर उतारे लिहिले, आणि त्यांतून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हा विषाणुरोधक तयार झाला. कंपनीचे समभाग २०१६ मध्ये शेअरबाजारात आले. लाहोर आणि पुणे या दोन्ही ठिकाणच्या कथा भावांच्याच जोडीच्या असाव्यात हा योगायोग मानावा. पण दोन्ही कथा दुकानात घडल्या हा योगायोग नव्हे. उपखंडातील संगणकसंस्कृतीचा आरंभीचा आधार विद्यापीठ किंवा मोठी कंपनी नसून दुरुस्तीचे आणि नकलांचे दुकान हा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकाची राखण, तो जोडून देणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडेच पुन्हा जात असे. यंत्र अडले की त्याला बोलवावयाचे, आणि त्याने आपल्या खिशातील फ्लॉपी आत घालून ते ‘साफ’ करावयाचे. ती फ्लॉपी दिवसभरात किती घरे हिंडून आली आहे, हे कोणी पाहत नसे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसाधारण जनतेसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्याच वर्षी ‘कॉन्सेप्ट’ हा विषाणू आढळला. तो प्रोग्रॅममध्ये राहत नसून ‘वर्ड’च्या दस्तऐवजात राहत असे. पत्र वाचल्याने रोग होत नाही, ही त्यावेळेपर्यंत दिली जाणारी ग्वाही येथे संपली. मार्च १९९९ मधील ‘मेलिसा’ने बाधित यंत्राच्या पत्तापुस्तकातील पहिल्या पन्नास नावांना आपणच पत्रे धाडली. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या प्रेमपत्राने काही दिवसांत कोट्यवधी यंत्रे गाठली.

या पत्राच्या यशाचे श्रेय सर्वत्र मानवी मोहाला देण्यात आले. प्रेमपत्र कोणास उघडावेसे वाटणार नाही, असा तो सूर होता. वस्तुस्थितीचा एक भाग त्यामुळे झाकला गेला. पत्रासोबतच्या फाइलच्या नावाचा शेवट ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ असा होता. यांपैकी शेवटची तीन अक्षरे ती फाइल म्हणजे चालणारा प्रोग्रॅम आहे हे सांगणारी. परंतु विंडोज प्रणाली ओळखीच्या फाइलींची शेवटची अक्षरे दाखवीतच नसे, कारण सामान्य माणसास ती क्लिष्ट वाटतात असे कर्त्यांचे मत होते. पाहणाऱ्यास ‘टीएक्सटी’, म्हणजे निरुपद्रवी मजकूर, एवढेच दिसे. दार नीट पाहून उघडावे असे गृहस्थास बजावणाऱ्यांनी दाराची फट आधीच बुजवून ठेवली होती. प्रेमपत्राचा कर्ता ओनेल द गुझमान हा मनिलातील विद्यार्थी; इंटरनेटचे दर परवडत नसलेल्यांना इतरांचे परवलीचे शब्द मिळवून द्यावे असा त्याचा मूळ बेत होता. फिलिपाइन्समध्ये त्या कृत्यास लागू पडणारा कायदाच नसल्याने त्याच्यावरील आरोप मागे घ्यावे लागले.

तो कायदा तेथे १४ जून २००० रोजी झाला. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमास राष्ट्रपतींची संमती ९ जून २००० रोजी मिळाली. तिथ्यांची ही जवळीक पाहून एकापासून दुसरा निघाला असे समजणे चुकीचे ठरेल; भारतीय विधेयक डिसेंबर १९९९ मध्येच संसदेपुढे आले होते, आणि त्याचा आदर्श संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९९६ मध्ये तयार केलेला नमुना-कायदा होता. भारतीय अधिनियमाच्या ४३ व्या कलमात संगणकात विषाणू सोडणाऱ्यावर एक कोटी रुपयांपर्यंत भरपाईचे दायित्व ठेवले होते. सदोष प्रणाली विकणाऱ्यावर त्यात कोणतेच दायित्व नव्हते. चोराने भरपाई द्यावी हे न्याय्यच. परंतु चोर लाहोरात किंवा मनिलात, आणि घर सांगलीत, अशा स्थितीत माग कोणत्या शिवेपर्यंत न्यावयाचा?

अनाहूत जाहिरातपत्रांचा, म्हणजे स्पॅमचा, इतिहास येथवर स्वतंत्रपणे चालत आला होता. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्रेत्याने आर्पानेटवरील सुमारे चारशे लोकांना आपल्या कंपनीच्या यंत्रांची जाहिरात पाठविली. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने हजारो चर्चागटांत एकच जाहिरात चिकटविली. टपालाच्या जाहिरातीचे तिकीट पाठविणारा लावतो. येथे वेळ, जागा आणि दूरध्वनीचे बिल हे सारे घेणाऱ्याच्या खात्यावर पडे, हे या प्रकाराचे अर्थशास्त्र. २००३ पर्यंत स्पॅमचा उपद्रव त्रासदायक असला तरी तो विषाणूहून निराळा होता. ऑगस्ट २००३ मधील ‘सोबिग’च्या सहाव्या आवृत्तीने हे अंतर मिटविले. असे विषाणू बाधित घरगुती संगणकाचे रूपांतर पत्रे पाठविणाऱ्या केंद्रात करू लागले. मालकास यंत्र थोडे मंद चालते आहे एवढेच जाणवे. इकडे त्याच्या नकळत त्याच्या जोडणीवरून परक्यांना रात्रभर पत्रे जात असत. नोव्हेंबर २००८ मध्ये अशा यंत्रांना आज्ञा देणारे सर्व्हर सांभाळणाऱ्या एका अमेरिकन कंपनीची जोडणी तोडण्यात आली, तेव्हा जगातील स्पॅमचे प्रमाण काही काळ निम्म्याहून खाली आले. किती घरे या कामास जुंपलेली होती याची त्यावरून कल्पना येते. स्वतःच्या घराची राखण न करणारा गृहस्थ आता केवळ आपलेच नुकसान करीत नव्हता. तो शेजाऱ्यांवरील हल्ल्यात अजाणता सामील होत होता. जबाबदारीच्या प्रश्नाचे नैतिक स्वरूपच येथे पालटले.

हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमांनी, म्हणजे स्पायवेअरने, त्यात आणखी एक गुंता घातला. ते चोरून येत नसत, संमतीने येत. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमसोबत लांबलचक करारपत्र असे, त्यात सारे लिहिलेले असे, आणि न वाचता ‘मान्य’ म्हटले जाई. असे करार कोणी वाचतो हे गृहीतकच कृत्रिम होते. विषाणुरोधक कंपन्या या प्रोग्रॅमांना विषाणू म्हणण्यास बराच काळ कचरल्या, कारण पलीकडील पक्ष नोंदणीकृत कंपनी असे आणि खटल्याची भीती असे. ती उणीव स्टीव्ह गिब्सन यांच्या ‘ऑप्टआउट’ (२०००) सारख्या फुकट साधनांनी प्रथम भरून काढली. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच यांनी सोनी बीएमजी कंपनीच्या संगीताच्या सीडींवरील एक प्रकार उघडकीस आणला : विकत घेतलेली सीडी संगणकात घालताच नक्कल-प्रतिबंधासाठी एक प्रोग्रॅम प्रणालीच्या गाभ्यात दडून बसे. तोवर कोणत्याही प्रमुख विषाणुरोधकाने त्याविषयी जाहीर इशारा दिला नव्हता. नकलेवर बंदोबस्त म्हणून गिऱ्हाइकाच्या यंत्रात गुप्त प्रोग्रॅम घालण्याची कल्पना लाहोरहून निघाली होती; एकोणीस वर्षांनी ती एका बड्या संगीत-कंपनीच्या हाती दिसली. पुढे ‘तुमचा संगणक बाधित आहे’ अशी आरोळी ठोकून पैसे उकळणारे खोटे विषाणुरोधकही बोकाळले. राखणदाराचाच वेष घेऊन चोर आले.

परंतु वादाचा निकाल ज्या घटनेने लागला ती याच्या आधीची, ११ ऑगस्ट २००३ ची आहे. त्या दिवशी पसरलेल्या ‘ब्लास्टर’ला कोणी फ्लॉपी घालण्याची, पत्र उघडण्याची किंवा ‘मान्य’ म्हणण्याची गरज नव्हती. विंडोज प्रणालीचा संगणक इंटरनेटला नुसता जोडलेला असला तरी पुरे होते. मायक्रोसॉफ्टने संबंधित दोषावरील दुरुस्ती १६ जुलै रोजीच प्रसिद्ध केली होती. ती बसविण्यास सव्वीस दिवस मिळाले असताना बहुसंख्य घरांनी ती बसविली नव्हती. यावरून पुन्हा गृहस्थासच दोष देता आला असता, आणि काहींनी तो दिलाही. पण विंडोज एक्सपीमध्ये बाहेरून येणारी जोडणी अडविणारी फायरवॉल २००१ पासून अंगभूत होती, आणि ती कंपनीने बंद ठेवून विकली होती, ही गोष्ट आता लपण्यासारखी नव्हती. वेशीचा दरवाजा बसविलेला होता. तो उघडा टाकून गाव वसविले गेले होते.

जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना उद्देशून एक परिपत्रक काढले होते. नव्या सोयी आणि सुरक्षितता यांत निवड करावयाची झाल्यास सुरक्षिततेस प्राधान्य द्यावे, असा त्याचा आशय होता. हे परिपत्रक म्हणजेच परिवर्तनाचा आरंभ, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. धोरणाचा कागद आणि अंमल यांत अंतर असते, हे दफ्तरे चाळणाऱ्यास सांगावयास नको. त्यानंतर दीड वर्षाने ब्लास्टर आला, आणि तेव्हाही फायरवॉल बंदच होती. ती उघडली गेली ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सेवासंचाने. त्याने फायरवॉल आपोआप चालू ठेवली, आणि आपोआप दुरुस्त्या घेण्याचा आग्रह धरला. डिसेंबर २००४ मध्ये कंपनीने एक स्पायवेअर-रोधक विकत घेतला. २००९ मध्ये फुकट विषाणुरोधक दिला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो प्रणालीचाच भाग झाला. हे करताना कंपनीने कायदेशीर दायित्व मात्र स्वीकारले नाही. काम घेतले, जबाब घेतला नाही, असे या हस्तांतराचे वर्णन करता येईल.

महाराष्ट्रात हा बदल सावकाश पोचला, आणि त्याची कारणे तांत्रिक नव्हती. पुऱ्या स्वरूपातील दुसरा सेवासंच २५० मेगाबाइटांहून मोठा होता. ५६ किलोबिटच्या दूरध्वनी-जोडणीवर, तार न तुटता आणि पूर्ण वेग मिळाला असे धरले तरी, तो उतरविण्यास सुमारे दहा तास लागते, आणि त्या दहा तासांचे दूरध्वनीचे बिलही द्यावे लागे. किमान २५६ किलोबिट वेगाची ब्रॉडबँड अशी व्याख्या करणारे केंद्र सरकारचे धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये, म्हणजे या सेवासंचानंतर दोन महिन्यांनी आले. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. जोडून घेतलेल्या कित्येक संगणकांवरील विंडोज विनापरवाना असे. दुरुस्ती घेऊ गेल्यास नक्कल उघडकीस येईल या भीतीने कारागीर आपोआप दुरुस्तीची सोय बंद करूनच यंत्र हवाली करीत. विनापरवाना प्रतींनाही सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत होत्या, ही माहिती फारशी पसरली नाही. परिणामी जेथे राखणदार फुकट मिळत होता तेथेच त्याला दाराबाहेर ठेवले गेले, आणि त्याच्या जागी दरवर्षी पैसे देऊन विषाणुरोधक घेतला गेला. भारतीय विषाणुरोधकांचा त्या दशकातील भरभराटीचा काळ या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

सरकारी बाजूचा वृत्तान्त थोडक्यात असा. संगणकीय आपत्तींसाठीचे राष्ट्रीय पथक, सर्ट-इन, जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. अधिनियमातील २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या ६६ अ या कलमात पाठविणाऱ्याचे मूळ लपविणाऱ्या त्रासदायक ईमेलचाही समावेश होता. परंतु कलमाची भाषा इतकी सैल होती की त्याचा उपयोग मतप्रदर्शनाविरुद्धच झाला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण रद्द केले. त्याबरोबर अनाहूत ईमेलविरुद्धची तरतूदही गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ स्थापन झाले. बाधित यंत्राचा माग लागला की सेवा पुरविणाऱ्या कंपनीमार्फत मालकास कळवावे आणि साफ करण्याचे साधन फुकट द्यावे, अशी त्याची योजना आहे. राखण हे सार्वजनिक काम आहे हे तत्त्व भारतात या योजनेत प्रथम स्पष्टपणे मान्य झालेले दिसते.

कंपनीने पत्करलेल्या राखणीस मुदत असते, हे त्याच वर्षी प्रत्ययास आले. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या त्या प्रणालीसाठी कंपनीस अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित राखण थांबली. घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली, ती नावनोंदणी करणाऱ्यांपुरती. पुढील प्रणाली ज्या सुरक्षा-घटकाची अट घालते तो घटक किंवा तेवढा नवा प्रोसेसर नसलेली पुष्कळ यंत्रे घरोघर चालू स्थितीत आहेत. ती टाकून द्यावी, दुसरी प्रणाली घालून घ्यावी, की विनाराखण तशीच चालवावी, याचा निर्णय पुन्हा गृहस्थाकडे आला आहे, आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात तो विचारला जात आहे.